एका नंबरावर एकसष्ट पेशंट

"मी तुझ्या म्होरं हुबी हाय, तोंडानं बोलून राहिले, तरी तू मला न्हाई म्हंतीस? डोळे हायत का बटनं?"

दानम्मानं हे विचारलं आणि काउंटरच्या काचेवर हात आपटला. बांगड्या वाजल्या, रांगेत पेंगणारी माणसं जागी झाली. नांदेडच्या त्या मोठ्या ट्रस्टच्या दवाखान्यात सकाळपासून पहिल्यांदाच काहीतरी घडत होतं.

काचेमागची पोरगी शिकलेली होती, म्हणून ती चिडली नाही. शिकलेली माणसं चिडत नाहीत, तेच वाक्य परत म्हणतात.

"मावशी, मी नाही म्हणत. सिस्टीम म्हणतीय. उदगीरच्या दवाखान्यानं तुमचा जिल्हा 'उदगीर' लिहिलाय. आमच्या यादीत उदगीर नावाचा जिल्हाच नाही. जिल्हा नाही तर पत्ता नाही. पत्ता नाही तर पेशंट नाही."

"मंग ह्या पोटात दुखून राहिलंय ते कुनाच्या?"

पोरीनं नुसता माउस हलवला.

दानम्माच्या मागं तिचा नवरा गुरुपादप्पा उभा होता. एका हातात पाच लिटरचा पाण्याचा कॅन, कारण दवाखान्यानं दारातच पाटी लावली होती, पेशंटनं पिण्याचं पाणी घरून आणावं. दुसऱ्या हातात पिशवी. कपाळावरच्या विभूतीच्या तीन पट्ट्यांचा घामानं वाहून एकच पट्टा झाला होता. उदगीरच्या बाजारात त्याचं किराणा दुकान, गल्लीत शब्दाला वजन, आणि इथं तो एका अशा बाईचा नवरा होता जी नव्हतीच.

रांगेतला हदगावचा एक माणूस, हाताला प्लास्टर, म्हणाला, "काका, लातूर लिहून टाका ना. खामखा कशाला वाद?"

"लातूर?" गुरुपादप्पानं त्याच्याकडं असं पाहिलं की त्या माणसानं चांगला असलेला हातही मागं घेतला.

भानगड अशी होती. दानम्माच्या पित्ताशयात खडे झाले होते. कळ आली की ती दुकानातल्या तांदळाच्या पोत्यावर आडवी व्हायची आणि गिऱ्हाइकं दुसरीकडं जायची. ऑपरेशन करणारे डॉक्टर नांदेडला महिन्यातून एकदाच यायचे आणि ते ह्या गुरुवारी येणार होते. आज सोमवार. सगळं ठरलं होतं, पण भूल देणाऱ्या डॉक्टरनं सहज विचारलं, "आधी कुठल्या औषधाची रिॲक्शन?" आणि दानम्मानं तितक्याच सहज सांगितलं, "हाव, तीन सालामागं उदगीरला एक सुई टोचली आन म्या मरता मरता वाचले."

"कुठली सुई?"

"पांढरी होती."

"सगळ्याच पांढऱ्या असतात हो."

"बारकी बाटली होती," गुरुपादप्पानं माहितीत भर घातली.

डॉक्टरनं पेन ठेवला. "त्या औषधाचं नाव कळल्याशिवाय मी हात लावणार नाही. पण घाबरू नका. उदगीरचा तुमचा दवाखाना आणि आमचा, दोघांचे कॉम्प्युटर आता जोडलेत. एकदम सुरक्षित. तिथली फाइल इथं यायला पाच मिनिटं लागतात."

त्या पाच मिनिटांचीच ही गोष्ट.

आता कुणीही विचारील, की बाबा, त्या वेळी दवाखान्यानं कागद दिला असेल, तो कुठंय? दानम्मानंही तेच विचारलं होतं. गुरुपादप्पा म्हणाला होता, उंदरानं खाल्ला. म्हणताना तो वजनकाट्याकडं बघत होता.

खरं काय ते त्याला एकट्याला ठाऊक. डिस्चार्जचा तो कागद जाड होता, गुळगुळीत होता, चारही कोपरे धड होते. असा कागद हातात आला की किराणावाल्याचा मेंदू बंद पडतो आणि बोटं चालू होतात. गेल्या पोळ्याच्या गर्दीत कुणीतरी पाव किलो धने मागितले, वर्तमानपत्राची रद्दी संपली होती, आणि गुरुपादप्पाच्या बोटांनी बायकोच्या जिवावरच्या दुखण्याची एवढी सुबक पुडी वळली की एक दाणा सांडला नाही. कुणाला दिली, हे काही केल्या आठवत नव्हतं. गल्लीत विचारावं, तर अर्ध्या तासात दानम्माच्या कानावर. म्हणून गुरुपादप्पाचा त्या दोन कॉम्प्युटरवर जेवढा विश्वास होता, तेवढा ते बनवणाऱ्या कंपनीचाही नसेल.

दोघं उदगीरला परत आली. बसमध्ये दानम्माला कळ आली. कॅनमधलं पाणी देगलूरकडच्या एका बाईचं लेकरू प्यायलं, मग ती बाई प्यायली, मग कंडक्टर. कॅन बघितला की त्या दुष्काळी साली माणसं नाव न विचारता नातं जोडायची.

*

उदगीरचा तो ट्रस्टचा दवाखाना म्हणजे सिद्रामप्पांचा दवाखाना. सिद्रामप्पा ट्रस्टचे अध्यक्ष आणि जिल्हा निर्मिती संघर्ष समितीचेही अध्यक्ष. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं ते साल. पाण्याची रेल्वे लातूरला थांबली हा सिद्रामप्पांना स्वतःचा अपमान वाटला होता. "जिल्हा असता तर आपल्याबी नावानं रेल्वे आली असती," असं ते प्रत्येक सभेत म्हणायचे, आणि माणसं रिकाम्या घागरी वाजवून दाद द्यायची.

दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर ग्यानोबा बसायचा. तिशीचा, नेहमी थकलेला, टेबलावर पंखा स्वतःकडंच वळवलेला. गुरुपादप्पानं झालेलं सांगितलं तसा तो कुजबुजला, "अप्पा, मला म्हाईत हाय. फाइल आता इथं कुनालाबी उघडत न्हाई, पेशंटच्या मोबाइलवरून संमती आली तरच; मला नुसता पत्ता दिसतो. पन जिल्ह्याच्या रकान्याला हात लावायचा न्हाई असा हुकूम हाय. अध्यक्षसायबांनी सोता बसून टाकून घेतलाय. त्या दिवशी पेढे वाटले की तुमाला."

गुरुपादप्पाला पेढा आठवला. चांगला होता.

"आरं पन जिल्हा झालाच न्हाई अजून!"

"सायब म्हनले, सरकार आज न उद्या करनारच हाय. तवा आपलं कॉम्प्युटर मागं राहू नये."

तेवढ्यात खुद्द सिद्रामप्पा आत आले. दवाखान्यासमोरच्या मांडवात त्यांचं बेमुदत उपोषण चालू होतं. मधून मधून ते आत येऊन अर्धा तास खोलीचं दार लावून घ्यायचे. चिंतन करतात, असं समितीची माणसं सांगायची.

"शरनार्थी, अध्यक्ष," गुरुपादप्पानं हात जोडून नमस्कार घातला. "एका पेशंटपुरतं लातूर लिवा. बायकोच्या जिवाचा सवाल हाय."

सिद्रामप्पांचा चेहरा दुखावला. पांढऱ्या मिशीवर हात फिरवत ते म्हणाले, "गुरुपाद, आज तुझ्या बायकोसाठी जिल्हा मागं घेतला, उद्या ह्याच्या मेहुण्यासाठी घ्यायचा. मंग लडाई कशासाठी चाललीया? तिकडं लातूरवाले हसतील, का उदगीरचा जिल्हा एका पित्ताच्या खड्यानं फोडला."

बाहेरून कुणीतरी डोकावलं. "काय म्हंतो गुरुपादप्पा? लातूर लिवा म्हंतो?" मांडवात कुजबूज झाली. दुकानात तेल कमी मापतो हा आरोप गुरुपादप्पानं आयुष्यभर हसून नेला होता. लातूरला फितला, हे पहिल्यांदाच.

सिद्रामप्पा चिंतनाला गेले तसं ग्यानोबानं पंखा थोडा इकडं वळवला. त्याला दया आली की पंखा वळायचा. "अप्पा, वैनीचं माहेर कुठलं?"

"धर्माबाद."

"म्हंजे नांदेड जिल्हा! मंग माहेरचा पत्ता लिवू. लातूरचं नाव न्हाई, उदगीरचा अपमान न्हाई."

गुरुपादप्पाला वाटलं, ह्या माणसाला खरं तर मंत्रालयात बसवायला पाहिजे. ग्यानोबानं टाइप केलं. मशीननं विचारलं, पत्ता तात्पुरता का कायमचा? तात्पुरता दाबलं तर मशीन पुरावा मागत होतं. कायमचा दाबलं तर काहीच मागत नव्हतं. ग्यानोबानं ते अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं वाचलं, कारण त्याला वाचल्याशिवाय टाइप करता यायचं नाही. "दानम्मा गुरुपादप्पा. मुक्काम धर्माबाद, भावाच्या घरी. कायमचा."

हॉलमध्ये औषधाच्या रांगेत गल्लीतल्या दोन बाया होत्या.

एका दवाखान्यातली माहिती दुसऱ्या दवाखान्यात जायला तार, मनोरा, कंपनी, परवानगी आणि इंजिनिअर लागत होते. ही माहिती गुरुपादप्पाच्या आधी गल्लीत पोचली. तो दुकानाशी आला तेव्हा शेजारची शांतम्मा पायरीवर बसून होती. शांतम्मा म्हणजे दानम्माच्या बरोबरीची, जाडजूड, गुडघे धरून उठणारी आणि सगळ्यांच्या घरात न उठता पोचणारी बाई.

"अप्पा," ती हळू आवाजात म्हणाली, "अठ्ठावीस वर्सांचा संसार. ह्या वयात सोडून देतो का कुनी बायकू?"

"कुनी सोडली?"

"लिवून दिलास म्हनं. कायमचं. सरकारी कॉम्प्युटरवर."

"आगं ते फाइलसाठी..."

"आता फाइलपस्तोर गेलं का!" शांतम्मानं कपाळाला हात लावला.

मग सल्ले सुरू झाले. एक म्हणाला, वकील नको, मठात महाराजांकडं जा. दुसरा म्हणाला, दोघं मिळून परळीला जाऊन या, वैजनाथापुढं भांडण टिकत नाही. तिसऱ्यानं जाताना आगपेटी उधार नेली, दुःखात माणूस नाही म्हणत नाही हे त्याला माहीत होतं. दानम्मा आत पोत्यावर झोपलेली होती, सगळ्यांना दिसत होती, पण कुणीच तिला विचारत नव्हतं. एका दिवसात ती दुसऱ्यांदा नव्हती.

*

मंगळवारी सकाळी धर्माबादहून जीप आली. त्यातून दानम्माचा धाकटा भाऊ गुरुबसप्पा उतरला. मिरचीचा व्यापारी. स्वभावही मालासारखाच. संगं दोन माणसं आणि मिरच्याचं एक पोतं, कारण भांडायला जायचं तरी बहिणीच्या घरी रिकाम्या हातानं कसं जायचं?

"दाजी! काय गुन्हा झाला आमच्या आक्काचा?"

दुकानात एकदम सगळे शिंकायला लागले. भांडणाचा पहिला अर्धा तास शिंकण्यातच गेला. मग दानम्मा बाहेर आली, भावाला सगळं समजावलं, भाऊ निवळला आणि म्हणाला, "आसं हाय तर मंग. आंघोळ करतो, लई धूळ हाय."

आणि त्यानं आंघोळ केली. पूर्ण बादलीनं. गुरुपादप्पा रोज सकाळी वाटीभर पाण्यात लिंगपूजा करायचा आणि तेच पाणी तुळशीला घालायचा. आतून मेहुण्याच्या अंगावरून पाणी वाहायचा आवाज येत होता आणि तो वजनकाट्याच्या पारड्याला धरून डोळे मिटून ऐकत होता. त्या आवाजापुढं लातूरला फितल्याचा आरोप काहीच नव्हता.

तेवढ्यात मोबाइल वाजला. मेसेज नांदेडचा. धर्माबादचा पत्ता मशीनला पसंत पडला होता. दानम्मा आता होती. आता फक्त संमती द्यायची. खाली लिहिलं होतं: ह्या नंबरावर एकसष्ट रुग्ण नोंदलेले आहेत. गुप्ततेसाठी नावे दाखवली जाणार नाहीत. आपला रुग्ण निवडा.

गुरुपादप्पानं चष्मा पुसला. आकडा तोच राहिला.

एकसष्ट कसे झाले ते सांगायला पाहिजे. आवंदा नळ आटले, टँकर सुरू झाला. टँकरवाल्याला गल्लीतला एकच नंबर माहीत, गुरुपादप्पाचा. त्याचा फोन आला की गुरुपादप्पा दुकानातून ओरडायचा, "आला रं!" आणि गल्ली घागरी घेऊन धावायची. त्या उन्हाळ्यात पोराटोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना तो नंबर पाठ झाला. अशात दवाखान्याची माणसं नोंदणीला गल्लीत आली, घरोघर विचारलं, मोबाइल नंबर? अख्ख्या गल्लीनं तोच सांगितला. ज्यांच्या खिशात स्वतःचा मोबाइल होता त्यांनीही. का? तर काही यायचं असलं तर त्याच नंबरावर येतं, हा अनुभव होता. आपल्या नंबरावर कधी पाणी आलं का?

नोंदणीवाल्यांना एकसष्ट वेळा तोच नंबर लिहिताना काही वाटलं नाही. रकाना भरला की काम झालं. हजेरीपटावर टिंब असलं की पोरगं वर्गात आहे असं धरणाऱ्या मास्तरांचीच ही जात.

गुरुपादप्पानं यादी उघडली. स्त्री, पन्नास ते साठ. नऊ निघाल्या. दानम्माचं वय चौपन्न. त्यानं पहिलीवर बोट ठेवलं, कोड आला, कोड टाकला, उघडलं. नाव खरोखर गुप्त होतं. नावाच्या जागी फुल्या. खाली लिहिलं होतं: नागपंचमीच्या दिवशी झोक्यावरून पडून खुबा दुखावला. साखर दोनशे नव्वद. साखर बंद.

गल्लीत नागपंचमीला झोक्यावरून एकच बाई पडली होती. तिला उचलायला चार माणसं लागली होती आणि त्यातला एक गुरुपादप्पा होता. फुल्यांच्या मागं शांतम्मा ऐसपैस बसलेली होती.

"हिला रोज पाव किलो साखर देतो की मी," तो स्वतःशीच म्हणाला.

दुसरी उघडली. तीही दुसरीच कुणी. वाचू नये ते वाचलं, आणि वाचून झाल्यावर आपण वाचायला नको होतं असं त्याला मनापासून वाटलं, म्हणून खात्रीसाठी परत एकदा वाचलं. तिसऱ्या वेळी घाई झाली, जाड बोट खाली घसरलं. पुरुष, साठ ते सत्तर. अपचन. पोटात वायू. अतिसेवन टाळावे. तारीख अशी होती की गुरुपादप्पा कॅलेंडरशी जाऊन परत आला. बेमुदत उपोषणाचा तिसरा दिवस. नोंदणीच्या दिवशी गल्लीच्या टोकाच्या त्या माडीच्या घरातही टँकरचंच पाणी येत होतं, त्यामुळं अध्यक्षांचाही नंबर हाच.

चिंतन म्हणजे काय, ते गुरुपादप्पाला आता कळलं.

आणि मोबाइल लाल झाला. संशयास्पद वापर आढळला. आपले खाते सुरक्षिततेसाठी बहात्तर तास बंद.

मंगळवार दुपार अधिक बहात्तर तास. गुरुपादप्पानं बोटं मोजली. शुक्रवार. डॉक्टर गुरुवारी येऊन गुरुवारीच जाणार.

त्यानं मदतीच्या नंबरावर फोन लावला. आधी गाणं लागलं, मग पुण्याकडची बाई लागली.

"सर, एका मोबाइलवर एकसष्ट रुग्ण कसे काय?"

"नळाला पानी न्हाई म्हनून."

"सॉरी सर, मला समजलं नाही."

"टँकरवाल्याला दुसरा नंबर ठाव न्हाई, बाई."

"सर, आपण रुग्णालय आहात का?"

"किराना दुकान हाय."

"सर, आमच्या दृष्टीनं हा माहितीचोरीचा प्रकार होऊ शकतो. आपली तक्रार आपल्याविरुद्ध नोंदवून घेतली आहे. अजून काही मदत करू शकते?"

गुरुपादप्पानं फोन ठेवला आणि बायकोला म्हणाला, "पन्नास ते साठमदी तू कुठं गावलीच न्हाईस."

दानम्मा पोत्यावरून म्हणाली, "म्या अठ्ठेचाळीस सांगितलं होतं."

"कामून?"

"नोंदनीवाल्या बाईच्या मागं शांतम्मा हुबी होती."

*

बुधवारी दुपारी सिद्रामप्पा समितीची पाचसहा माणसं घेऊन दुकानाशी आले. नव्या जिल्ह्याच्या प्रस्तावाला माणसांचा आकडा जोडायचा होता आणि दवाखान्याच्या यादीत एक माणूस कमी भरला होता. तो धर्माबादला सापडला.

"गुरुपाद," ते रस्त्यातूनच म्हणाले, गल्लीला ऐकू जाईल असं, "लातूर जमलं न्हाई तवा नांदेडला बायकू दिलीस? आमी तिथं उपाशी मरून राहिलो, आन तू घरातून जिल्हा फोडून राहिलास?"

गल्ली दारात आली. गुरुबसप्पा जेवणातून उठून आला. दानम्मा पोत्याला टेकून बसली होती, कुशीत मूठ दाबून. सकाळपासून कळ थांबली नव्हती, ओठ पांढरे पडले होते. गुरुपादप्पानं एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा अध्यक्षांच्या भरलेल्या पोटाकडं. तीन दिवस तो लई सोसून होता. मेहुण्याची बादलीसुद्धा सोसली होती.

"उपाशी?" तो ओरडला. "आन तिसऱ्या दिवशीचं अपचन? आतिसेवन टाळावे?"

मांडवातल्या घोषणाही एवढ्या कधी पोचल्या नव्हत्या. समितीतला एक जण सिद्रामप्पांकडं वळून म्हणाला, "सायब, म्हंजे आमीच का उपाशी?" सिद्रामप्पांनी मिशीवर हात नेला आणि तो तिथंच राहिला.

पण गल्लीला अध्यक्षांच्या पोटाशी देणंघेणं नव्हतं. गल्लीच्या डोक्यात दुसराच हिशेब सुरू झाला होता. ह्याला हे कळलं कसं? मोबाइलवर. मोबाइलवर आपणही आहोत.

"अप्पा," कुणीतरी म्हणालं, "माझं काय वाचलास?"

"कुनाचंच न्हाई! नावं गुप्त हायत. फुल्या हायत नुसत्या."

"मंग काल मला साखर कामून दिला न्हाईस?" शांतम्मा गर्दीतून पुढं आली. "पाव किलो मागितली तर म्हनलास, बडीशोप घे. तवाच म्या म्हनलं, ह्याच्या डोक्यात काय भरलंय."

"शांतम्मा, दोनशे नव्वद हाय तुझी! मरशील!"

झालं. तिच्या सुनेनं तोंडावर पदर घेतला. सुनेला आजवर सांगितलेलं होतं की सासूबाईंना काही नाही, नुसता थकवा आहे, म्हणून चहात दोन चमचे जास्त लागतात.

शांतम्मानं गुडघे धरले, वळली, आणि घरात गेली. खुबा दुखावलेली बाई इतक्या जलद चालते हे गल्लीनं पहिल्यांदा पाहिलं. परत आली तेव्हा तिच्या हातात मसाल्याचा डबा होता. झाकण काढलं, धन्यांच्या खालून एक कागद उपसला आणि गुरुपादप्पाच्या तोंडासमोर धरला.

"आमचे रोग वाचतोस? मंग हेबी वाच! पोळ्यापासून घरात हाय माझ्या. तुझ्याच हातची पुडी. वजन बाहत्तर किलो, रक्त कमी, सगळं लिवलंय. पन म्या बोलले का कुनाला? सुनेला सोडून कुनाला बोलले का?"

"मला बोललीस," मागून एक बाई म्हणाली.

"तुला सोडून."

गुरुबसप्पानं कागद हिसकावून घेतला. जाड, गुळगुळीत, मधे पुडीच्या घड्या, वर धन्याची पूड. खाली लाल शाईत मोठ्या अक्षरांत, दोन रेघा मारून. तो एकेक अक्षर लावत वाचायला लागला, "सेफ... सेफ्ट्रि... सेफ्ट्रियाक्सोन. तीव्र रिॲक्शन. पुन्हा कधीही देऊ नये."

दूरवर मांडवातल्या लाउडस्पीकरवर कुणीतरी माइक तपासत होतं. गुरुपादप्पाला इतकं हलकं वाटलं की क्षणभर तो सगळं विसरला. नाव सापडलं! आजची गाडी पकडली तर उद्या सकाळी डॉक्टरच्या टेबलावर. त्यानं हसून बायकोकडं पाहिलं, आणि हसू तिथंच अडकलं.

दानम्मा पोत्यावरून उठली होती. कळ असो नसो, सरळ उभी होती. तिनं भावाच्या हातातून कागद घेतला. घड्यांवरून बोट फिरवलं. अठ्ठावीस वर्षं ती ह्या दुकानात बसत होती, पुडीच्या घड्या तिला कळत होत्या, आणि कुठल्या बोटांच्या तेही. मग तिनं कागद नाकाशी नेला.

"धने," ती म्हणाली.

सिद्रामप्पासुद्धा थांबले. आपल्यापेक्षा अडचणीत असलेला माणूस बघायला कुणाला आवडत नाही?

"उंदरानं खाल्ला म्हनला होतात न्हवं?"

गुरुपादप्पानं मेहुण्याकडं पाहिलं. मेहुणा मिरच्याच्या पोत्याकडं बघत होता. त्यानं गल्लीकडं पाहिलं. गल्ली आरामात भिंतीला टेकली होती.

"उंदीर पुडी बांधतो का वो?" दानम्मा एक पाऊल पुढं आली. "आन पाव किलो मापून देतो?"

"साडेतीनची नांदेड गाडी लागली असंल," गुरुपादप्पा म्हणाला. खिळ्यावरची घाम पुसायची दस्ती त्यानं ओढली, चपला पायात न घालता हातातच घेतल्या. "लई गर्दी असती. खिडकीतून दस्ती टाकून जागा धराय लागंल, तुला बसाय पायजे. तुमी मागनं जीपनं स्टँडवर या, सावकाश या. कागद संगं घ्या. मला आता निघाय पायजे."